चनबसूचे तीन कंदील

समस्त लहानथोर मंडळींना, आणि विशेषतः कान असून ज्यांना ऐकू येत नाही अशांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गेल्या अकरा दिवसांत या गावात कुणीही कुठलीही गोष्ट तीनदा केलेली नाही. दाराची कडी एकदाच लागते. आडाच्या काठावर घागर एकदाच टेकते. मठाच्या पायरीला हात एकदाच लावून माणसं आत जातात. या बातमीचं गांभीर्य ज्यांना कळलं नसेल त्यांनी आपापल्या घरी जाऊन स्वस्थ झोपावं.

तुला कळलं असतं, चनबसू. तू मान झटकून म्हणाला असतास, "दाजी, आता कायतरी होणार बगा."

व्हायचं ते होऊन गेलंय. राहिलंय ते उद्या आहे. उद्या मठात तुझ्या नावानं पंगत बसणार, स्वामी येणार, आणि पानं मांडायच्या आधी पाटील म्हणणार, "मास्तर, दोन शब्द बोला." या गावात पाऊस पडला नाही तरी चालतं, मी बोललो नाही तर चालत नाही. आणि त्यांना गोष्ट कुठली हवी आहे तेही ठरलेलं आहे: वेडाच्या भरात मेव्हण्यानं धान्याच्या पेवात उडी टाकली आणि त्याला वाचवायला मास्तरनं जिवाची पर्वा न करता मागोमाग उडी टाकली. ही गोष्ट मी आत्तापर्यंत सोळा वेळा सांगितली. दर वेळी ती थोडी अधिक रंगली. परवा तर कुंभाराच्या म्हातारीनं माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरल्या.

अडचण एवढीच आहे की ती खोटी आहे. हे तुला ठाऊक, मला ठाऊक, आणि दोरी धरून उभ्या असलेल्या सुभानभाई लोहाराला ठाऊक. तुझ्या बहिणीला ठाऊक नाही.

तुझी माझी पहिली भेट माझ्या लग्नात. तू नऊ वर्षांचा. बोहल्याजवळ येऊन माझ्या बाशिंगाला तीनदा हात लावलास आणि सगळा मांडव शांत असताना म्हणालास, "नवरदेवाचं नाक लई मोठं हाय." मग आणखी दोनदा म्हणालास, म्हणजे मागच्या रांगेलाही कळलं. तुझे आप्पा तुला मारायला धावले. गंगव्वा डोईवरच्या पदराआडून हळूच मला म्हणाली, "माझ्या भावाला हसायचं न्हाई. तेवढं कबूल करा." आमच्या संसारातलं ते पहिलं बोलणं. मी कबूल केलं, आणि पुढं बावीस वर्षं हसलो.

नुसता हसलो असतो तर ठीक. मी तुझी नक्कल करायचो. मानेला डावीकडं बसणारा झटका, जणू कुणी कानात फुंकलंय. डोळ्यांची मिचमिच. घशातून निघणारा 'हुक्'. हातात कडी आली की तीनदा, उंबरा आला की तीनदा. जत्रेच्या नाटकात मी तुझं सोंग आणलं तेव्हा लोक पोट धरून लोळले. तू पुढच्या रांगेत बसला होतास. मी वर मान झटकायचो, तू खाली झटकायचास, आणि लोक एकदा इकडं बघून हसायचे, एकदा तिकडं. गंगव्वा उठून घरी गेली. रात्री तू म्हणालास, "नक्कल करा, दाजी. मलाबी हसू येतं. पर गंगव्वा आसंल तवा नको. ती हसत न्हाई, मग मला लाज वाटती."

मी म्हणालो, बघू. त्या 'बघू'वर आपलं भांडण बरीच वर्षं चाललं आणि अर्धंच राहिलं.

तुझ्या त्या करण्याला गावानं कितीतरी नावं दिली. बाहेरचं झालंय, ग्रहणात जन्मलाय, आईनं पोटुशी असताना साप ओलांडला. देवऋष्यानं पाठीवर बिब्ब्याचे डाग दिले. तेही तीनच. तू मोठा झाल्यावर सांगायचास, "बरं झालं तीन दिले. दोनच दिले आस्ते तर म्याच म्हणलो आस्तो, आजून एक द्या." आणि आपण दोघं हसायचो. आता ते आठवलं की पाठीवर कुणीतरी हात ठेवून उभं आहे असं वाटतं.

एकदा सास्तूरच्या बाजाराहून बैलगाडीनं परत येत होतो. मागं मिठाचं पोतं, पुढं आपण दोघं. तू एकाएकी विचारलंस, "दाजी, शिंक आडवून बगितली का कधी?"

"बघितली की."

"मग कुठं जाती ती?"

"कुठं जाणार? नाकात हुळहुळत राहते."

"माजी डोक्यात जाती. आन मोठी हून परत येती."

मग मी विचारलं, तीनदाच का रे? दोनदा का नाही? तू बैलांच्या शेपट्यांकडं बघत उत्तर दिलंस.

"न्हाई केलं तर गंगव्वा मरंल आसं वाटतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. खोटं हाय त्ये, मला कळतं की. पर खोटं हाय म्हणून थांबत न्हाई त्ये." मग म्हणालास, "तिला सांगू नका."

कपभर चहासाठी कुणाचंही गुपित विकणारा मी, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. तुझी कडी, तुझा उंबरा, माझ्या बाशिंगाला लागलेली तुझी बोटंसुद्धा, सगळा तो पहारा बहिणीच्या जिवावर होता. लोक हसत होते आणि तू पहारा देत होतास.

तुझं कामही असं की तिथं हे वेड उपयोगी पडावं. पेव उघडायचं असलं की गाव तुला बोलवायचं. जमिनीत रांजणासारखं खणलेलं पेव. तोंड एका माणसाच्या अंगाएवढं, पोट खोलीएवढं, तळाशी ज्वारी. महिनोन्‌महिने बंद राहिलं की आत वाफ धरते. ती दिसत नाही. माणूस दोन श्वास घेतो, आणि तिसरा घेत नाही. म्हणून आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरेल, विझला तर थांबायचं. सगळी गावं एक कंदील सोडतात. तू तीन सोडायचास. एक वर घेऊन, काच पुसून, पुन्हा दुसरा. तो वर घेऊन, पुन्हा काच पुसून, तिसरा. वर उभी असलेली माणसं जांभया देत, शिव्या देत. त्यात काही शहाणपण होतं का, हे तुलाही सांगता आलं नसतं. पण तीन कंदील होईपर्यंत पेवाचं तोंड चांगलं घटकाभर उघडं राहायचं. आसपासच्या गावांत कुठं ना कुठं पेवात माणूस जायचाच. तुझ्या हातानं उघडलेल्या पेवात एकही गेला नाही.

यंदा सक्तीनं धान्य गोळा करणाऱ्या सरकारी लेव्हीवाल्यांनी खळ्यावरच ज्वारी उचलली. रब्बीच्या पेरणीचं बी तेवढं वाचवायचं होतं, चाळीस घरांचं. ते शाळेखालच्या जुन्या पेवात घालायचं, ही युक्ती माझी. निजामी अंमलातली आपली शाळा म्हणजे एक खोली, एक खुर्ची, भिंतीवर उर्दू पाटी आणि मी. पेवाच्या तोंडावर फरशी, फरशीवर माती, मातीवर शेण सारवलेलं, आणि वर माझी खुर्ची. ही युक्ती सांगताना मला अजूनही थोडं बरं वाटतं. बघ, माणूस कसा असतो.

सगळ्या गावाला भीती एकाच गोष्टीची होती: चनबसूचं तोंड. पाटील म्हणाले, कोंडून ठेवा. मी म्हणालो, छे, मी मास्तर आहे, मी त्याला गप बसायला शिकवतो. तुला मठात नेलं, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावला आणि शपथ घेववली की 'पेव' हा शब्द उच्चारणार नाहीस. ज्या शब्दाला दार लावावं तोच तुझ्या जिभेवर येऊन बसतो, हे बावीस वर्षं डोळ्यांनी बघून मी हे केलं. अशी चूक मास्तरच करू जाणे.

भाद्रपदात लपवलेलं धान्य हुडकणारा सरकारी गिरदावर आला. घोड्यावरून उतरला, दोन शिपायांसह सरळ शाळेत आला, आणि गावात एकच खुर्ची असल्यामुळं तिच्यावर बसला. मी हात जोडून उभा. समोरच्या भात्यावर सुभानभाई लोखंड तापवत होता. त्याचा हात थांबलेला मला दिसला. आणि दारात तू. उपरण्याचा बोळा तोंडात कोंबलेला, डोळे बाहेर आलेले. येऊ नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून तर आला होतास.

उंबरा ओलांडलास आणि पाय आपटलास. धप. धप. तिसरा पाय पुढं पडला. डुम्म.

गिरदावरचा टाक कागदावर थांबला. "ये क्या है, मास्टर?"

"कवायत, हुजूर!" मी ओरडलो आणि खोलीभर पाय आपटत सुटलो, जिथं जमीन भरीव तिथं तीन-तीनदा. आणि रंग भरावा म्हणून तुझी मान घेतली, तुझे डोळे घेतले, तुझा 'हुक्' घेतला. शिपाई हसून भिंतीला टेकले. गिरदावर हसला नाही. तो माझ्याकडं बघतच नव्हता.

"इसके मुँह में कपड़ा क्यूँ है?"

"दाढ दुखतेय, हुजूर. दाढ."

"निकालो."

तू बोळा काढलास. त्याला रक्त लागलं होतं. बेडूक गिळलेल्या सापाच्या अंगातून फुगवटा सरकताना दिसतो, तसा तो शब्द तुझ्या गळ्यातून वर येताना मी पाहिला.

"सायब, तुमच्या खुर्चीखाली..."

मी डोळे मिटले.

"...खुर्चीखाली ढेकूण हैत! ढेकूण हैत! ढेकूण हैत!"

गिरदावर ताडकन उठला आणि मागून विजार झटकायला लागला. पुढचं सगळं हशात गेलं. पण जाता जाता त्यानं टाचेनं जमिनीवर एकदाच ठोकलं, कान देऊन ऐकलं, आणि घोड्यावर बसताना म्हणाला, "परसों आऊँगा. आराम से देखूँगा."

तू शाळेमागं जाऊन ओकलास. आलेली शिंक तू गिळली नव्हतीस, ओढून दुसऱ्या वाटेला लावली होतीस, आणि त्यानं तुझं सगळं अंग पिळून निघालं होतं. संध्याकाळी पारावर मी हा प्रसंग साग्रसंगीत सांगितला. माझ्या सांगण्यात ढेकणांची कल्पना माझी होती आणि मी तुला डोळ्यानं खुणावलं होतं. तू तिथंच बसला होतास.

"दाजी, खोटं," तू म्हणालास.

"गप रे," मी म्हणालो, आणि गाव हसलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पेव रिकामं करायचं ठरलं. संशय नको म्हणून बाकी गाव रानात, पाटील वाटेवर नजर ठेवून, आणि शाळेत दार लावून आपण तिघं. फरशी सरकवली तसा आंबूस, गोडसर वास आला. तू कंदील सोडलास. तो जळत वर आला. काच पुसलीस, दुसऱ्यांदा सोडलास, या वेळी जास्त खोल. ज्योत एवढीशी झाली, करंगळीच्या नखाएवढी, पण विझली नाही.

"थांबू थोडं," तू म्हणालास.

"गिरदावर थांबणार आहे का?"

"आजून एक, दाजी. एकच."

तू काच पुसायला घेतलीस. हळूहळू, गोल गोल. तुझ्या त्या पुसण्याचा मला इतका राग आला, चनबसू, की आजही हात आवळले जातात. मी खोबणीत पाय ठेवला. सुभानभाई म्हणाला, "मास्तर, दोरी तर बांधा कमरेला." मी म्हणालो, "मी काय मोट आहे?" आणि उतरायला लागलो. उतरताना तुझी नक्कल करत होतो. "एक कंदील, हुक्! दोन कंदील, हुक्! तीन..." माझा आवाज आत घुमून मलाच मोठा झकास ऐकू येत होता. मला आठवतं ते इथपर्यंत.

पुढचं सुभानभाईचं. त्यानं सांगितलं ते असं. तू हातातला कंदील टाकलास. काच फुटली. दोरीचं टोक धरून, एकदाही काही न करता, उंबरा नाही, काच नाही, बोट लावणं नाही, तू सरळ उडी टाकलीस. थोड्या वेळानं दोरीला तीन हिसके बसले. सुभानभाईनं ओढलं, तर दोरीला मी होतो. त्यानं मला जमिनीवर टाकून दोरी पुन्हा सोडली. हिसका आला नाही. एकही नाही.

मग गाव धावत आलं. दिवस मावळायच्या आत तुलाही बाहेर काढलं आणि बी पण. उतरायच्या आधी सुभानभाईनं दुसरा कंदील आणला, लिंबाचा डहाळा बांधून पेव घुसळलं, आणि कंदील तीनदा सोडला. पहिला, घुसळून वर आलेल्या वाफेनं, छातीएवढ्या खोलीवर विझला; तिसरा तळापर्यंत जळत राहिला. त्या दिवशी कुणी जांभई दिली नाही. गावात तीनदा झालेली ती शेवटची गोष्ट.

गिरदावर आला तेव्हा तुला माती द्यायची होती. कपाळाला विभूती लावून तुला ओट्यावर बसवलं होतं. मान एकदम सरळ. तुझी मान इतका वेळ सरळ मी कधी पाहिली नव्हती, आणि मला राहून राहून वाटत होतं की आता झटका देईल. गिरदावर रिकाम्या पेवात डोकावला, परत येऊन तुझ्यासमोर उभा राहिला, आणि मला विचारलं, "पहले कौन उतरा?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "हा उतरला, हुजूर. वेडा होता. मी मागून गेलो."

विचार करून बोललो नाही. आपोआप आलं. तुझ्या जिभेला गाव वेड म्हणायचं, माझ्या जिभेला कला.

"बहादुर आदमी हो," तो म्हणाला आणि झडती न घेता निघून गेला. म्हणजे त्याच्यापुरतं ते खोटं गावाच्या कामी आलं, म्हणावं. पण गंगव्वा खांबाला धरून उभी होती. ती पुढं आली आणि सगळ्यांसमोर माझ्या पायावर डोकं ठेवलं. "माज्या भावासाठी जीव टाकला तुमी," म्हणाली. मी तिला उठवलं. तेव्हाच सांगायचं होतं. तेव्हा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी नाही, म्हणून आजवर नाही. अकरा दिवस ती माझ्या भाकरीवर दुधाची साय घालतेय, स्वतः कोरडी खातेय. तुला हसल्याबद्दल मला कधी माफ केलं नव्हतं तिनं. ते सगळं आता माफ आहे. ही साय कशी गिळायची ते तू सांग.

शाळेतलं पेव अजून उघडंच आहे. पोरं यायला तयार नाहीत. मी एकटा जाऊन बसतो, आणि तिथून वास येतो, किंवा येत नसेल. काल वेशीपाशी पाहुण्यांना सतराव्यांदा गोष्ट सांगायला लागलो, तर 'मी मागून उडी टाकली' म्हणताना माझी मान डावीकडं झटकली. पाहुण्यांना वाटलं मी तुझी नक्कल करतोय. ते हसले. मी करत नव्हतो, चनबसू. मी थांबवायला गेलो तर पुन्हा झटकली.

आज सकाळी सुभानभाईच्या भात्यावर गेलो. अकरा दिवस त्यानं कुणाला चकार शब्द सांगितलेला नाही. नुसता माझ्याकडं बघतो. ऐरणीवरचा फाळ पलटत म्हणाला, "उद्या बोलणार, मास्तर?"

"बोलावं लागेल."

"मी न्हाई काही बोलणार. तुमच्या घरची बात, तुमीच बोला." दोन घाव घालून मग म्हणाला, "पन एक राहिलंय. उडी मारायच्या आधी त्यो बोलला होता. आजवर इचारलं न्हाई तुमी, मी सांगितलं न्हाई. आता ऐकून जावा."

त्यानं सांगितलं. मी घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

गंगव्वा समोरच बसलीय, उद्याच्या पंगतीचे गहू निवडत. मघाशी म्हणाली, "मास्तर, लई वेळ झाला लिवताय. माज्या भावाचं हाय का? वाचा की." उद्या मठात बोलेन तेव्हा बोलेन. आधी तिला सांगायचं. कंदिलाचं, नकलेचं, कोण आधी उतरलं त्याचं, आणि बैलगाडीतलंही. ते सांगू नका म्हणाला होतास, पण ते मी मोडणार आहे. कडी तीनदा कुणासाठी लागत होती, हे तिला कळायलाच हवं.

सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं. मग लिहिणं थांबवलं, सूप तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं, आणि शेवटापासून केली. तुझा आवाज काढला नाही, मान झटकली नाही, माझ्या साध्या आवाजात सांगितलं की, बये, तुझा भाऊ आधी उतरला नाही; मी उतरलो, बडबडत, दोरी न बांधता; आणि खालून माझी बडबड थांबली तेव्हा तो पेवाच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, आणि जन्मात पहिल्यांदा एकदाच ओरडला:

"सुभानभाई, दाजी गप झाले! आमचे दाजी गप झाले म्हंजी मेले की वो!"